जागा कोणाची?

रुग्णालय, रेल्वे स्थानक किंवा सरकारी कचेरी अशा ठिकाणी गेल्यावर आपण समोरच्या इमारतीकडे पाहतो, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांकडे पाहतो. पायाखालच्या जमिनीकडे मात्र सहसा पाहत नाही. यापुढे अवश्य पाहा. जेथे मोटारी उभ्या करतात, त्या वाहनतळावर दाराच्या अगदी जवळ एखादी जागा रंगाने आखलेली तुम्हांला आढळेल. निळ्या चौकोनात पांढऱ्या रेघांनी काढलेली एक आकृती तेथे असते. चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची ती आकृती होय. तिच्याखाली एकही अक्षर लिहिलेले नसले, तरी मराठी, तमिळ किंवा जपानी बोलणाऱ्या माणसाला तिचा अर्थ सारखाच कळतो. ही जागा दिव्यांग व्यक्तीच्या वाहनासाठी राखून ठेवली आहे, असे ती आकृती सांगते.

ह्या चिन्हाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९६८ साली सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीने ते रेखाटले. तिच्या मूळ चित्रात डोके नव्हते. त्यामुळे ती नुसती रिकामी खुर्ची वाटे. पुढे कार्ल मोंतान ह्या गृहस्थांनी वरच्या बाजूला एक लहानसे वर्तुळ काढले, आणि त्या रिकाम्या खुर्चीत जणू एक माणूस येऊन बसला! १९६९ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने हे चिन्ह स्वीकारले आणि हळूहळू ते जगभर पसरले. एका वर्तुळामुळे वस्तूचे चित्र माणसाचे चित्र झाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. चिन्हामागचा माणूस ओळखणे, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

ही जागा दाराजवळच का असते, आणि ती इतर जागांपेक्षा रुंद का असते, ह्याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? एक मोटार उभी करण्यास साधारण अडीच मीटर रुंदीची जागा पुरते. परंतु आपल्या देशातील नियमांप्रमाणे दिव्यांगांसाठी राखलेली जागा किमान ३.६ मीटर रुंद असावी लागते. हा जो एक मीटरहून अधिक फरक आहे, तो शोभेसाठी ठेवलेला नाही. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या माणसाला मोटारीचे दार पुरते उघडावे लागते. मग खुर्ची बाहेर काढून दारालगत लावावी लागते आणि हातांवर भार देऊन मोटारीतून खुर्चीत उतरावे लागते. ही सारी क्रिया त्या एक मीटरच्या पट्टीत होते. तशीच गोष्ट अंतराची. ही जागा इमारतीच्या मुख्य दारापासून ३० मीटरांच्या आत असावी, असा संकेत आहे. आपल्याला ३० मीटर म्हणजे चाळीसएक पावले. ती आपण बोलता बोलता चालून जातो. ज्याला प्रत्येक पावलागणिक धाप लागते किंवा कळ येते, त्याच्या दृष्टीने मात्र तीस मीटर आणि तीनशे मीटर ह्यांत काम होणे आणि काम न होणे एवढे अंतर असते.

तात्पर्य, ही जागा म्हणजे कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. विहिरीला पायऱ्या बांधतात, त्या पाण्यापर्यंत सर्वांना पोहोचता यावे म्हणून. ही जागाही एक पायरीच आहे. २०१६ साली आपल्या संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. बस थांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ येथील वाहनतळ दिव्यांगांना वापरता येतील असे असले पाहिजेत, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. २०११ सालच्या जनगणनेनुसार आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. एवढ्या माणसांनी घराबाहेर पडावे, शिकावे, नोकरी करावी, दवाखान्यात जावे, बाजारहाट करावा, ह्यासाठी ही सोय आहे.

असे असूनही ह्या जागेवर पुष्कळदा भलतेच वाहन उभे असते. मालकाला विचारले, तर ठरावीक उत्तरे मिळतात. एक म्हणतो, “दोनच मिनिटांचे काम आहे.” दुसरा म्हणतो, “जागा रिकामीच तर होती!” तिसरा म्हणतो, “मी गाडीतच बसून आहे. कोणी आले, तर लगेच काढीन.” वरवर पाहता ही उत्तरे समंजसपणाची वाटतात. आपण ती एकेक करून तपासू.

“दोनच मिनिटे” असे म्हणणाऱ्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, दुसऱ्याच्या पाठोपाठ तिसरा. प्रत्येकाची दोन मिनिटे जोडत गेले, की दिवस सरतो. शिवाय गरजू माणूस नेमका त्याच दोन मिनिटांत येणार नाही, ह्याची हमी कोण देणार?

“जागा रिकामीच होती” ह्या उत्तरात तर मोठाच घोटाळा आहे. अग्निशामक दलाचा बंब दिवसदिवस जागच्या जागी उभा असतो. म्हणून तो भाजी आणावयास कोणी नेतो काय? बंब उभा असतो, ह्यातच त्याचा उपयोग आहे; कारण आग सांगून लागत नाही. राखीव जागेचेही तसेच आहे. ती रिकामी असते, तेव्हाच ती आपले काम करीत असते. ‘मी गेलो, तर मला जागा मिळेल’ ह्या भरवशावर कोणीतरी घरून निघालेले असते.

तिसरे उत्तर देणारा सज्जन वाटतो. पण त्याने एक गोष्ट विसरता कामा नये. गरजू माणसाने यावे, गाडी थांबवावी, हाक मारावी, विनंती करावी आणि मग ह्याने जागा सोडावी, अशी त्याची अपेक्षा असते. आपल्या हक्काच्या वस्तूसाठी दुसऱ्याला याचना करावयास लावणे, ही सज्जनपणाची रीत म्हणता येईल काय? पंगतीत दुसऱ्यासाठी मांडलेल्या पानावर आपण बसत नाही. तो आला, की उठू, असेही म्हणत नाही.

आता ह्या दोन मिनिटांची किंमत कोण भरतो, ते पाहा. अशी कल्पना करा, की दोन्ही पायांनी अधू असलेला एक मनुष्य हातांनी चालवावयाची मोटार स्वतः चालवीत रुग्णालयात आला आहे. डॉक्टरांची वेळ त्याने आठ दिवसांपूर्वी घेतली होती. राखीव जागेवर एक मोटार उभी आहे, आणि शेजारच्या पट्टीत, जेथे त्याची खुर्ची उतरावयाची, तेथे दोन स्कूटर लावलेल्या आहेत. तो दूरच्या साध्या जागेत गाडी नेतो. तेथे दोन्ही बाजूंना मोटारी असल्यामुळे दार वीतभरच उघडते. आपण अंग चोरून त्या फटीतून बाहेर पडू. त्याला ते शक्य नाही. तो काही वेळ वाट पाहतो, डॉक्टरांची वेळ टळून जाते, आणि तो आल्या पावली परत जातो. राखीव जागा बळकावणाऱ्याने त्याला पाहिलेलेही नसते. त्याची दोन मिनिटे वाचली. दुसऱ्याचा सबंध दिवस गेला. ह्या अन्यायाचे वैशिष्ट्यच हे, की तो करणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

येथवर वाचून तुमच्यापैकी काहींना त्वेष आला असेल. ‘अशा लोकांना आम्ही चांगले खडसावू,’ असेही कोणी मनाशी म्हणाले असेल. अन्यायाची चीड येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडे थांबा. पाठाचा अर्धा भाग अजून राहिला आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

आणखी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एस.टी.च्या गाडीत दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या आसनावर तुमच्याच वयाची एक मुलगी बसली आहे. तिचे हातपाय धड आहेत, जवळ काठी नाही, कुबडी नाही. गाडीत गर्दी झाली आहे. एक वयस्क गृहस्थ खिडकीवरची पाटी वाचतात, मुलीकडे पाहतात आणि म्हणतात, “काय गं मुली, वाचता येत नाही का तुला? ही जागा कोणासाठी आहे? चांगली धडधाकट तर दिसतेस! ऊठ बरे.” इतर प्रवासीही माना वळवून पाहू लागतात. मुलगी काही न बोलता उठते आणि दांडीला धरून उभी राहते. गृहस्थांना वाटते, आपण एक चांगले काम केले.

वस्तुतः त्या मुलीला सिकल सेल नावाचा रक्ताचा आजार आहे. तिच्या पिशवीत सरकारी प्रमाणपत्र आहे, आणि त्या आसनावर तिचा पुरता हक्क आहे.

हा आजार काय आहे, ते आपण समजून घेऊ. कारण आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आणि नंदुरबार ह्या भागांत तो आढळतो. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या आणि मऊ असतात. म्हणून त्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतूनही सहज पुढे सरकतात. ह्या आजारात त्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकून पडतात, रक्ताची वाट बंद होते, आणि हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्यासारखी पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. साहजिकच अंगात रक्त कमी राहते आणि थोड्याशा श्रमानेही थकवा येतो. १९१० साली जेम्स हेरिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ह्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांना त्या दिसल्या, त्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून. जी गोष्ट पाहावयास डॉक्टरांना सूक्ष्मदर्शक लागला, ती गोष्ट गाडीतल्या गृहस्थांना नुसत्या डोळ्यांनी कशी दिसावी?

असे आणखी कितीतरी विकार आहेत. हिमोफिलियाच्या रोग्याचे रक्त लवकर गोठत नाही. त्याच्या गुडघ्यात आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाहेरून जखम मुळीच दिसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या आजारात मज्जातंतूंवरील आवरण झिजते. असा माणूस सकाळी बरा चालताना दिसेल आणि दुपारच्या उन्हात त्याच माणसाला चार पावले टाकणे जड जाईल. हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असलेला माणूस उभा राहिला, तर तुमच्याआमच्यासारखाच दिसतो. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे तयार झालेला प्रसिद्ध कृत्रिम पाय लावून लोक शेतात काम करतात, मांडी घालून बसतात. विजारीच्या आत काय आहे, हे पाहणाऱ्याला कळतही नाही. परंतु फार चालल्यावर तुटलेल्या पायाची कातडी सोलवटते, ती त्या माणसालाच कळते. इतकेच काय, चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना उभे राहता येते आणि थोडेसे चालताही येते. असा एखादा माणूस खुर्चीतून उठून फळीवरची वस्तू काढताना दिसला, की लोक त्याला ढोंगी ठरवितात. चष्मा लावणाऱ्याने चष्म्याशिवाय दोन ओळी वाचल्या, म्हणून त्याला आपण ढोंगी म्हणतो काय?

आपल्या कायद्याच्या प्रवासातही हीच गोष्ट दिसून येते. १९९५ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे केवळ ७ प्रकार सांगितले होते. २०१६ सालच्या कायद्यात ते २१ झाले. सिकल सेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनचा आजार हे सारे त्यांत आले. इंग्लंडमध्ये दिव्यांगांच्या मोटारीवर लावण्यासाठी निळे ओळखपत्र देतात. त्या ओळखपत्राचे नियम ३० ऑगस्ट २०१९ रोजी विस्तारण्यात आले आणि बाहेरून न दिसणाऱ्या विकारांच्या व्यक्तींनाही ते मिळू लागले. कायदे करणाऱ्यांनाही ह्या गोष्टी उमजावयास वर्षे लागली. तेथे वाटेवरच्या माणसाने क्षणार्धात निकाल देऊन कसे चालेल?

महाराष्ट्रातील एक थोर उदाहरण येथे आठवते. कुष्ठरोग्यांसाठी चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे तुम्हांला ठाऊक आहेत. पाठीच्या मणक्यांच्या विकारामुळे पुढे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, हे दोनच मार्ग त्यांना उरले होते. अशा स्थितीत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी हजारो मैलांची ‘भारत जोडो’ यात्रा कन्याकुमारीहून सुरू केली. आता विचार करा. ज्याने बाबांना ताठ उभे असलेले पाहिले असेल, त्याला हा मनुष्य पीडित आहे, असे वाटले असते काय? आणि दयेपोटी कोणी त्यांना खुर्ची पुढे केली असती, तर ती खुर्चीच त्यांना यातना देणारी ठरली असती. प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि ती ज्याची त्यालाच नेमकी ठाऊक असते. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

मुंबईच्या लोकलगाड्यांत दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. कर्करोगाच्या रुग्णांनाही त्या डब्यातून प्रवास करण्याची मुभा आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून ह्या रोगावर उपचार करीत आले आहे आणि दूरदूरच्या गावांहून रुग्ण तेथे येतात. औषधांनी गळून गेलेला, पण कपडे नीटनेटके घातलेला एखादा तरुण त्या डब्यात बसला असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहणारी दहा माणसे त्याला सहन करावी लागतात. रोगाच्या वेदना एकीकडे आणि ह्या नजरा दुसरीकडे. त्याने काय करावे? चाळीस अनोळखी माणसांना रोज आपल्या आजाराची कहाणी सांगावी काय? आपल्या घरातील एखादे खासगी दुःख रोज चव्हाट्यावर मांडावे लागले, तर आपल्याला कसे वाटेल, ह्याचा विचार करा. म्हणूनच एस.टी.तील ती मुलगी एक शब्दही न बोलता उठून उभी राहिली.

ह्यावर कोणी म्हणेल, “मग काय, कोणीही यावे आणि आजारी असल्याचे सांगून जागा बळकवावी? लबाडांचे चांगलेच फावेल!” ही शंका रास्त आहे. लबाड माणसे जगात आहेत, आणि त्यांच्यासाठी उपायही आहे. २०१६ सालच्या कायद्यानुसार दिव्यांगांसाठी असलेला लाभ जो कोणी कपटाने घेईल, त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपंगत्व आहे किंवा नाही आणि ते किती आहे, हे वैद्यकीय अधिकारी तपासणी करून ठरवितात आणि तसे प्रमाणपत्र देतात. एस.टी.तील वाहक, रेल्वेचा तिकीट तपासनीस, वाहतूक पोलीस ह्यांना ते पाहण्याचा अधिकार आहे. त्यांनी शांतपणे ओळखपत्र मागितले, तर त्यात कोणाचा अपमान होत नाही. सर्वांना सारखाच असलेला तो नियम आहे. परंतु ज्याला अधिकार नाही, ज्ञानही नाही, अशा वाटसरूने केवळ रूप पाहून चारचौघांत दोषारोप करणे, ही निराळी गोष्ट आहे.

शिवाय दोन चुकांचे वजन करून पाहा. आपण गप्प राहिलो आणि समोरचा लबाड निघाला, तर एक लबाड त्या दिवसापुरता सुटेल. आपण खडसावले आणि समोरचा खरा रुग्ण निघाला, तर त्याची वेदना आपण वाढविली, आणि कदाचित उद्यापासून तो घराबाहेर पडण्यासच कचरेल. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एकाही निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे न्यायाचे तत्त्व तुम्ही ऐकले असेल. न्यायाधीश साक्षीपुरावे ऐकल्यावाचून निकाल देत नाहीत. आपण तर न साक्ष घेतलेली, न पुरावा पाहिलेला.

एस.टी.तील त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हे विसरू नका. राखीव जागेचे रक्षण करावे, असेच त्यांना वाटत होते. पण ज्या दुबळ्यासाठी ते रक्षण करीत होते, तोच त्यांच्यासमोर बसला होता, आणि त्यांनी त्यालाच उठविले. मोटारवाल्याने बेपर्वाईने जे केले, तेच ह्या गृहस्थांनी सद्धेतूने केले. जागा बळकावणारा आणि संशय घेणारा हे एकमेकांचे विरोधक वाटतात खरे. परंतु दोघांच्या वागण्याचा घाव बसतो, तो एकाच माणसाला. सद्धेतूला विचाराची जोड नसेल, तर तोही असा अन्याय करतो.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट ही, की जे नियम आहेत, ते आपण स्वतः कसोशीने पाळावेत. वडील किंवा काका राखीव जागेवर गाडी लावू लागले, तर “बाबा, ही जागा आपली नाही,” असे नम्रपणे सांगावे. मुलांचे शब्द वडीलमंडळी सहसा मानतात. शाळेच्या दारातील उतरणीवर सायकल उभी करू नये. ती उतरण कोणाची तरी वाट असते. दुसरी गोष्ट, राखीव जागेवर विनाचिन्हाचे वाहन किंवा शंका येण्याजोगे काही दिसले, तर वाहनतळावरील रखवालदाराला किंवा गाडीतील वाहकाला सांगावे आणि पुढचे काम त्यांच्यावर सोपवावे. तिसरी गोष्ट, कोणी आपल्यापाशी बसावयास जागा मागितली, तर कारण न विचारता द्यावी. “काय होते तुम्हांला?” ह्या प्रश्नापेक्षा “बसा ना” हे दोन शब्द अधिक मोलाचे आहेत. आणि वर्गातील एखादा मित्र खेळाच्या तासाला रोज बाजूला बसत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आपल्या डोळ्यांना माणसाचे बाह्य रूप दिसते. त्याचे हाडांतले दुखणे, छातीतली धाप किंवा रक्तातला दोष दिसत नाही. तेव्हा डोळ्यांकडे न्यायाधीशाचे काम सोपवू नये. त्यांनी राखीव जागेची पाटी वाचावी आणि पायांना तेथून बाजूला होण्यास सांगावे. ‘ह्या जागेवर ह्याचा हक्क आहे काय?’ हा प्रश्न दुसऱ्याविषयी विचारण्याचे काम अधिकाऱ्यांचे आहे. ‘ह्या जागेवर माझा हक्क आहे काय?’ हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा आहे, आणि त्याचे खरे उत्तर देण्यास कोणत्याही प्रमाणपत्राची गरज लागत नाही.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राखीव जागेच्या चिन्हातील वर्तुळ कोणी काढले?
(आ) २०१६ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे किती प्रकार सांगितले आहेत?
(इ) सिकल सेल ह्या आजारात तांबड्या पेशींचा आकार कसा होतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दिव्यांगांच्या वाहनासाठी असलेली जागा अधिक रुंद का ठेवतात?
(आ) रिकामी राखीव जागा आणि अग्निशामक दलाचा बंब ह्यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?
(इ) एस.टी.तील मुलगी काही न बोलता का उठली असावी?

३. मोटारवाला आणि एस.टी.तील गृहस्थ ह्या दोघांच्या हेतूंत कोणता फरक आहे? त्यांच्या वागण्याचा परिणाम सारखाच कसा झाला? आठदहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : अंग चोरणे, आल्या पावली परत जाणे, चव्हाट्यावर मांडणे, फावणे.

५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : निरपराधी, सद्धेतू, रुंद, राखीव.

६. आपल्या शाळेचे फाटक, वर्गाचे दार आणि पाणी पिण्याची जागा फूटपट्टीने किंवा टेपने मोजा. चाकांची खुर्ची वापरणारा विद्यार्थी उद्या शाळेत आला, तर त्याला कोठे कोठे अडचण येईल, ह्याची यादी वर्गात सर्वांनी मिळून तयार करा.